हिवाळ्यातील गेडी : उडी, तोल आणि खबरदारी

(भाषणाचा मजकूर)



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते, आणि त्या एका दिवसामुळे पांढुर्ण्याचे नाव दूरवर पोहोचले आहे. त्या दिवशी किती जणांना जखमा होतात व दवाखान्यात काय धावपळ उडते, हे येथील माणसांस सांगावयास नको. खेळ आणि इजा यांचे नाते ज्या मुलखाने इतक्या जवळून पाहिले आहे, तेथे एका साध्यासुध्या खेळातील सुरक्षिततेचा विचार अस्थानी ठरू नये. तो खेळ म्हणजे गेडी.

आषाढातील अमावास्येपासून, जिला नागपूरकडे जिवती म्हणतात, पोळ्यापर्यंतचे दिवस हे गेडीचे दिवस. सातपुड्यातील गोंड वस्त्यांत, मंडला-बालाघाटच्या बाजूस आणि छत्तीसगडच्या मैदानी मुलखात या काळात मुले उंच होऊन हिंडताना दिसतात. दोन सरळ बांबू घ्यावयाचे, जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर पाय ठेवण्यापुरता बांबूचाच आडवा तुकडा दोराने घट्ट आवळून बांधावयाचा, आणि वर उभे राहून बांबू हातात धरून चालावयाचे. छत्तीसगडात या बांधावर थोडे घासलेट सोडतात, म्हणजे चालताना दोर करकर वाजतो. गेडी जितकी जास्त वाजेल तितका मुलांना अभिमान. बस्तरच्या मुरिया तरुणांमध्ये तर गेडीवरचे नृत्यही आहे.

हा खेळ पावसाळ्यातच का आला, याचे उत्तर पायाखालच्या चिखलात आहे. पाऊस लागला की गावातील वाटा राड होतात, आणि हात-दीड हात वर उचललेला पाय चिखलातून कोरडा पार पडतो. फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील लांद या दलदलीच्या प्रदेशात मेंढपाळ एके काळी याच कारणासाठी उंच काठ्यांवर उभे राहून कळप राखीत असत. त्याच भागातील सिल्व्हँ दोर्नाँ नावाचा गृहस्थ १८९१ साली अशा काठ्यांवरून पॅरिसहून मॉस्कोपर्यंत चालत गेला होता. बेल्जियममधील नामूर शहरात काठ्यांवर चढून झुंजण्याची जुनी परंपरा आहे, आणि युनेस्कोने २०२१ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत तिची नोंद केली. तेव्हा आपल्या पोरांचा खेळ पोरकट समजण्याचे कारण नाही.

चिखलाचा आणखी एक उपकार आहे. पोरगे पडले तर मऊ भुईवर पडते. शिवाय तोल जातो आहे असे वाटताच बांबू हातांतून सोडून द्यावयाचे आणि पुढे उडी घ्यावयाची, हे तिसऱ्या दिवशी कोणत्याही मुलास आपोआप येते. म्हणजे श्रावणातल्या गेडीला दोन गोष्टींचे संरक्षण असते : मऊ जमीन आणि मोकळे पाय.

आता हा खेळ श्रावणाच्या बाहेर पडला आहे. छत्तीसगड शासनाने ६ ऑक्टोबर २०२२ पासून ज्या छत्तीसगढिया ऑलिंपिक स्पर्धा भरविल्या, त्यांत गेडीच्या शर्यतीचा समावेश होता आणि त्या स्पर्धा जानेवारी २०२३ पर्यंत चालल्या. म्हणजे पावसाळी खेळ ऐन थंडीत खेळला गेला. याखेरीज गेडीचा एक नवा अवतार शहरांतील कसरतींच्या कार्यक्रमांतून दिसू लागला आहे. ही स्प्रिंगची गेडी. जर्मनीतील अलेक्झांडर बॉक यांनी ती घडविली. तीत बांबू नसतो. गुडघ्याखाली पट्ट्यांनी बांधावयाचा धातूचा सांगाडा, मागच्या बाजूस धनुष्यासारखी वाकणारी फायबरग्लासची पाती आणि खाली रबराचा लहानसा खूर, अशी तिची रचना. अंगाच्या भाराने पाती वाकते आणि सरळ होताना माणसास वर फेकते. सराईत माणूस तीवरून पुरुषभर उंच उडी घेतो. असे साधन मुलांच्या मनात भरल्यावाचून राहत नाही, आणि आज शहरात दिसणारी वस्तू तालुक्याच्या गावी यावयास फार दिवस लागत नाहीत.

येथे एक भेद नीट ध्यानी घ्यावयास हवा. बांबूची गेडी सोडून देता येते, स्प्रिंगची गेडी सोडता येत नाही. ती पायांस बांधलेली असते. पडणारा माणूस तिच्यासकट पडतो, आणि पडताना सवयीने हात पुढे टाकतो. अशा पडण्यात मनगट मोडते, किंवा कोपर आणि हासळीचे हाड दुखावते. शिवाय ही गेडी चिखलात, वाळूत वा गवतावर चालत नाही. तिचा खूर इतका लहान असतो की मऊ जमिनीत तो रुततो आणि ओल्या जागी घसरतो. तिला सपाट, कोरडी, टणक जमीनच लागते. श्रावणातल्या गेडीची दोन्ही संरक्षणे अशा रीतीने एकाच वेळी नाहीशी होतात. डोक्यास शिरस्त्राण, गुडघ्यांस, कोपरांस व मनगटांस संरक्षक गाद्या, ही शहरी मुलांची हौस आहे असे कोणी म्हणेल, पण चिखलाने जे काम फुकट केले असते तेच काम या वस्तू करतात. त्यांच्यावाचून स्प्रिंगच्या गेडीवर कोणासही चढू देऊ नये. एकच शिरस्त्राण असेल तर एका वेळी एकच मूल खेळेल.

हिवाळ्याने यात आणखी भर पडते. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील या भागात दिवसा ऊन चांगले असले तरी पौषातील पहाट अंगावर काटा आणते. शेजारच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अशा थंडीत स्नायू आखडलेले असतात, बोटे बधिर होतात, आणि तोल गेल्याचे कळणे व हात-पाय हलणे यांत क्षणाचा विलंब होतो. बांबूच्या गेडीवर हाच क्षण महत्त्वाचा असतो, कारण बांबू सोडावयाचा तो त्याच क्षणी. म्हणून पहाटेच्या प्रभातफेरीनंतर लगेच मुलांस गेडीवर चढविण्याचा उत्साह बरा नव्हे. गवतावरचे व फरशीवरचे दहिवर वाळेपर्यंत, साधारणतः नऊ-साडेनऊपर्यंत थांबावे. सायंकाळीही सावध असावे. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि खेळात रंगलेल्या मुलांना अंधार झाल्याचे भानच राहत नाही.

चढण्यापूर्वी दहा मिनिटे अंग तापविणे हे थंडीच्या दिवसांत वैकल्पिक नाही. मैदानाला दोन-तीन संथ फेऱ्या, घोटे दोन्ही बाजूंनी फिरविणे, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणणे आणि शेवटी जागच्या जागी हलक्या उड्या, एवढे पुरे. स्प्रिंगच्या उडीचा ताण टाचेमागची शीर आणि पोटरी यांवर येतो, तेव्हा त्यांकडे विशेष लक्ष द्यावे. पुष्कळ शाळांत कवायतीचा तास असतोच. त्यालाच हा क्रम जोडला की वेगळा वेळ काढावा लागत नाही.

पोशाखाबाबत घरच्या वडीलधाऱ्यांचा आणि शिक्षकांचा थोडा मतभेद होण्याचा संभव आहे. आई मुलास स्वेटर, त्यावर शाल आणि गळ्यात मफलर असे गुंडाळून पाठविते. तिचे चुकत नाही, पण गेडीवर लोंबता मफलर आणि सुटणारी शाल ही दोन्ही संकटे आहेत, पायांत येतात आणि बांबूत अडकतात. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ, अंगाबरोबरचे कपडे बरे. अंग तापले की वरचा काढावा, आणि खेळ थांबताच घाम पुसून तो पुन्हा घालावा, कारण थंडी बाधते ती घामेजलेल्या अंगाला. मुलींनी सलवार किंवा पायजमा घालून ओढणी कमरेला घट्ट बांधावी अथवा बाजूस ठेवावी. मुलींना या खेळापासून दूर ठेवण्याचे मात्र काही कारण नाही. कानटोपी चालेल, पण शिरस्त्राणाखाली जाड कानटोपी घातल्यास ते सैल बसते. हातमोजे घालावयाचे असल्यास तळव्याकडून खरखरीत असावेत. लोकरीचे गुळगुळीत मोजे बांबूवरून सरकतात, त्यापेक्षा उघडे हात बरे. स्प्रिंगच्या गेडीचे पट्टे पाऊल हलणार नाही इतके आवळावेत, पण बोटांचा रक्तप्रवाह थांबेल इतके नव्हे. थंडीने बधिर झालेली बोटे आणि पट्ट्याने बधिर झालेली बोटे यांतला फरक मुलास कळत नाही, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी पट्टे सोडून पाहावे. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी प्यावे.

आता जमिनीविषयी. आपली काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी आणि हिवाळ्यात दगडासारखी असते. वाळली की तिला भेगा पडतात, आणि बांबूचे टोक भेगेत गेले की गेडी जागच्या जागी अडते व स्वार पुढे फेकला जातो. याहून मोठे भय कापणी झालेल्या शेतांचे. जोंधळ्याची धसकटे, तुरीचे व पऱ्हाटीचे तिरपे छाटलेले खुंट यांवर उंचावरून पडणे म्हणजे खिळ्यांवर पडणे होय. शेत मोकळे दिसले म्हणून तेथे खेळू देऊ नये. बांबूच्या गेडीसाठी आखाड्यासारखी खणून भुसभुशीत केलेली व वरून हलकी दाबलेली जागा सर्वांत चांगली. नदीकाठची घट्ट ओली वाळूही चालते. स्प्रिंगच्या गेडीसाठी शाळेचे सिमेंटचे अंगण वापरावे, पण ते झाडून बारीक खडी व वाळू काढून टाकावी, कारण रबराच्या खुरास खडीसारखा वैरी नाही.

साधनांची तपासणी थंडीत अधिक जागरूकपणे करावी लागते, आणि याचे कारण पुष्कळांस माहीत नसते. ओला दोर फुगून आखूड होतो व बांध आवळतो. तोच दोर वाळला की सैल पडतो. बांबूही वाळताना आक्रसतो व चिरतो. श्रावणात बांधलेली आणि तेव्हा पक्की असलेली गेडी मार्गशीर्षात कोपऱ्यातून काढून तशीच वापरली, तर पाय ठेवण्याचा तुकडा भाराखाली खाली सरकतो. म्हणून हिवाळ्यात गेडी पुन्हा नव्याने बांधावी, दोर घट्ट आवळावा, बांबूवर उभी चीर दिसल्यास तो बाद करावा, आणि प्रथम मोठ्या माणसाने तीवर उभे राहून पाहावे. स्प्रिंगच्या गेडीचे स्क्रू प्रत्येक वेळी तपासावे, पातीवर पांढुरकी रेघ वा उकललेले तंतू दिसल्यास ती वापरू नये. प्रत्येक जोडी ठरावीक वजनासाठीच असते. हलक्या मुलास भारी जोडी दिली तर पाती वाकतच नाही व तोल सांभाळता येत नाही, आणि भारी माणसास हलकी दिली तर पाती मोडण्याचा धोका असतो. एकच जोडी गावभर फिरविण्याची आपली उदार पद्धत येथे उपयोगी पडत नाही.

शिकविताना घाई करू नये. बांबूच्या गेडीचा पायटा प्रथम वीतभर उंचीवर बांधावा आणि दोघांनी दोन बाजूंनी आधार द्यावा. स्प्रिंगच्या गेडीवर स्थिर उभे राहता येत नाही, सतत पावले टाकावी लागतात, आणि नवशिक्याच्या लक्षात हेच येत नाही. म्हणून पहिले काही दिवस उडी नाही, फक्त चालणे. त्याआधी गादीवर पडण्याचा सराव करावा : हात पुढे न टाकता गाद्या बांधलेल्या गुडघ्यांवर अंग सोडणे. पडणे शिकल्याशिवाय उडी शिकू नये, हे कुस्तीच्या वस्तादास सांगावे लागणार नाही. गावातील असा एखादा वस्ताद शाळेत बोलावला, तर पुष्कळ काम सोपे होईल.

एवढे करूनही एखादे मूल पडतेच. मनगट वा घोटा सुजला, वाकडा दिसला किंवा हलविताना असह्य दुखू लागले, तर तो मोडला आहे असे समजूनच वागावे. तेल चोळू नये, ओढू नये, बसवून घेण्यासाठी कोणाकडे नेऊ नये. बांबूची कामटी किंवा वर्तमानपत्राची जाड घडी खाली ठेवून अवयव आहे त्या स्थितीत कापडाने हलका बांधावा, कपड्यात गुंडाळलेले थंड पाणी वा बर्फ वर ठेवावा, मुलास पांघरुणात उबदार ठेवावे आणि दवाखान्यात न्यावे. डोक्यावर पडलेल्या मुलास उलटी झाली, गुंगी आली किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर उचलून बसविण्याच्या भानगडीत न पडता १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक व जवळच्या दवाखान्याचा पत्ता शाळेच्या फळ्यावर ठळक अक्षरांत असावा. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाल्याने क्रीडास्पर्धांची परवानगी व देखरेख आता येथूनच होऊ शकते. परवानगी देताना अधिकाऱ्यांनी मैदान प्रत्यक्ष पाहावे आणि प्रथमोपचाराची पेटी उघडून पाहावी. कित्येकदा पेटी असते, पण आत पट्टी नसते.

हंगाम सरला की बांबूच्या गेड्या उन्हात न टाकता सावलीत आडव्या टांगाव्यात, दोर सोडून ठेवावा, आणि जिवतीच्या आदल्या दिवशी तो भिजत घालावा.