रिमांड होममधून परतलेले मूल आणि कायद्याचे दार
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात आम्ही शिक्षक मंडळी तुमच्यापुढे निकालाची टक्केवारी, शिष्यवृत्त्यांचे अर्ज आणि दहावीनंतर काय, या विषयांवर बोलतो. आज मी निवडलेला विषय काहींना मेळाव्याच्या दिवशी बोलू नये असा वाटेल. परंतु जो विषय आपण घरात बोलत नाही, जमातीच्या बैठकीत बोलत नाही आणि शाळेतही बोलत नाही, तो कुठेतरी बोललाच पाहिजे, म्हणून हे धाडस करीत आहे.

आधी माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. नाव, गाव, संस्था काहीही सांगणार नाही. कायदाही ते सांगू देत नाही. मोबाइल चोरीच्या एका प्रकरणात त्याचे नाव आले आणि त्याला निरीक्षणगृहात, म्हणजे आपण ज्याला अजूनही रिमांड होम म्हणतो तिथे, काही आठवडे राहावे लागले. परत आला तेव्हा तो वेगळाच मुलगा होता. शिपायाच्या किल्ल्यांचा जुडगा वाजला की दचकायचा. कवायतीच्या तासाला सदरा वर सरकला तेव्हा पाठीवरचे वळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. मी त्याच्या अम्मीला बोलावले. त्या म्हणाल्या, "सर, झालं ते झालं. बोललो तर केस वाढेल. मोहल्ल्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही." मी मान डोलावली आणि तास घ्यायला निघून गेलो. पुढे मुलाने शाळा सोडली.

गेल्या वर्षी तो शाळेत दाखल्याची नक्कल घ्यायला आला. आता गॅरेजमध्ये काम करतो. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून त्याने मला सर्व सांगितले. मार तर होताच, पण तेवढ्यावर थांबले नव्हते. शेवटी म्हणाला, "सर, त्या दिवशी तुम्ही अम्मीला विचारलंत. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

मित्रहो, मी बी.ए., बी.एड. झालेला माणूस. बालमानसशास्त्राचा पेपर मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो होतो. पण या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर मी कायद्याची पुस्तके उघडली, वकिलांना भेटलो. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, रिमांड होम म्हणजे तुरुंग नव्हे. आपल्या मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा १९२४ सालीच झाला. सर्व देशासाठी बाल न्यायाचा कायदा १९८६ मध्ये आला आणि आज लागू आहे तो २०१५ चा. या कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ताब्यात घेतल्यापासून २४ तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते आणि आईवडिलांना कळवावे लागते. मंडळात एक दंडाधिकारी व दोन समाजसेवक असतात, त्यांपैकी निदान एक स्त्री असते. मुलाला तिथे ठेवतात ते त्याची काळजी घेण्यासाठी. ज्यांच्या हाती काळजी सोपवली त्यांनीच हात उगारला तर तो गुन्हा आहे, शिस्त नव्हे.

हा गुन्हा किती मोठा? कलम ७५ प्रमाणे अशा संस्थेतील कर्मचाऱ्याने किंवा चालकाने मुलाचा छळ केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. छळामुळे मुलाला शारीरिक अपंगत्व किंवा मानसिक आजार आला तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त दहा वर्षे. शिस्तीच्या नावाखाली मारझोड केली तर कलम ८२ वेगळे आहे, आणि त्यात दोषी ठरलेल्याला नोकरीवरून काढता येते. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. रिमांड होम, निरीक्षणगृह यांतील कर्मचाऱ्याने केलेला अत्याचार हा त्या कायद्याने अधिक गंभीर मानला आहे. बलात्कारासारख्या गुन्ह्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी वीस वर्षे शिक्षा आहे. आणि पालकहो, हा कायदा मुलगी आणि मुलगा असा भेद करीत नाही. आपल्याकडे समजूत अशी की मुलग्याचे काय बिघडते. मुलग्याचेही बिघडते, आणि तो बोलत नाही म्हणून जास्त बिघडते.

दुसरी गोष्ट, तक्रार करायची कुठे? चार दारे लक्षात ठेवा.

पहिले दार बाल न्याय मंडळाचे. जिथे तुमच्या मुलाची तारीख असते, तेच मंडळ त्याची तक्रारही ऐकू शकते. मुलावर झालेल्या गुन्ह्याबद्दल एफ.आय.आर. नोंदवा, असा हुकूम पोलिसांना देण्याचा अधिकार मंडळाला आहे. महिन्यातून निदान एकदा संस्थेची पाहणी करणेही त्याचे कर्तव्य आहे. तेव्हा तारखेला गेलात की नुसते बाकावर बसून राहू नका.

दुसरे दार पोलीस ठाण्याचे. घटना दुसऱ्या हद्दीत घडली या कारणावरून तुम्हाला परत पाठवता येत नाही. एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते. नोंद घेतली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तरीही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. एक खाचखळगा मात्र जाणून घ्या. बाल न्याय कायद्यात २०२१ मध्ये जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे तीन ते सात वर्षे शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र झाले आहेत. म्हणून नुसत्या मारहाणीची तक्रार घेऊन गेलात तर पोलीस म्हणतील, "आम्हाला तपासाचा अधिकार नाही." याचा अर्थ गुन्हा घडला नाही असा नव्हे. दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणला की तपास करावाच लागतो. पॉक्सोच्या तक्रारीला ही अडचण नाही.

तिसरे दार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना, तसेच अशा गृहात ठेवलेल्यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. दूरध्वनी क्रमांक १५१००. "वकिलाला पैसे कुठून आणू?" हा प्रश्न आपल्या समाजात पुष्कळ घरांची तोंडे बंद करतो, म्हणून हे दार मुद्दाम सांगितले.

चौथे दार बाल हक्क संरक्षण आयोगाचे. राज्यात एक आणि देशात एक असे आयोग २००५ च्या कायद्याने आहेत. ते स्वतः चौकशी करू शकतात, साक्षीदारांना बोलावू शकतात. मानवी हक्क आयोगाकडेही जाता येते, पण तिथे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे लागते. आणि मूल आज, या क्षणी संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक आहे. तो तुमच्या मुलांना पाढ्यांसारखा पाठ करून द्या.

तिसरी गोष्ट, वेळ गेली तर काय? माझ्या विद्यार्थ्याने मला हेच विचारले, "आता इतक्या वर्षांनी कोण ऐकणार?" मित्रहो, ज्या गुन्ह्याला तीन वर्षांहून जास्त शिक्षा आहे, त्याच्या फिर्यादीला कायद्याने मुदत घातलेली नाही. मूल मोठे झाले, लग्न झाले, तरी त्याला फिर्याद देता येते. इतके मात्र खरे की पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याआधीच्या घटनांना जुन्या दंड संहितेची कलमे लागतात. उशीर झाला की पुरावा गोळा करणे जड जाते हेही खरे. म्हणून वैद्यकीय कागद, संस्थेत ठेवल्याचा आणि सोडल्याचा हुकूम, जुना फोटो, काहीही फेकू नका.

चौथी गोष्ट, इज्जतीची भीती. ही भीती मी खोटी म्हणत नाही, त्या अम्मींच्या चेहऱ्यावर मी ती पाहिली आहे. पण कायद्याने तिचा विचार केला आहे. मुलाचे नाव, फोटो, शाळा छापणे हा गुन्हा आहे. पॉक्सोमध्ये मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. आई, वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती जवळ बसू शकते. न्यायालयात मुलाला आरोपीसमोर उभे करीत नाहीत. आणि "केस वाढेल" म्हणाल, तर मुलाची मूळ केस वेगळी आणि त्याच्यावरील अत्याचाराची केस वेगळी. एवढेच नव्हे, १६ वर्षांवरील मुलाच्या अतिशय गंभीर गुन्ह्यांचा अपवाद सोडला तर मुलावर शिक्का राहू नये, नोकरी-शिक्षणात अडथळा येऊ नये, अशी तरतूद याच कायद्यात आहे.

पाचवी गोष्ट, भरपाई. ओरिसातील नीलाबती बेहरा या मातेचा मुलगा १९८७ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावला. तिने सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच अर्ज मानले आणि १९९३ मध्ये सरकारने तिला दीड लाख रुपये द्यावेत असा निकाल दिला. ताब्यातील माणसाची जबाबदारी सरकारची, हे त्या निकालाने पक्के झाले. आज पॉक्सोचे विशेष न्यायालय खटला चालू असतानाही मुलाला अंतरिम भरपाई देऊ शकते. महाराष्ट्रात लैंगिक अत्याचाराच्या बळींसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे.

तुम्ही म्हणाल, "सर, हे कागदावर ठीक आहे." तेव्हा बिहारमधील मुझफ्फरपूरचे उदाहरण घ्या. आपल्या मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पथकाने तिथल्या बालगृहांची पाहणी केली, मुलींशी बोलले आणि अहवालात स्पष्ट लिहिले. २०१८ मध्ये गुन्हा नोंदला गेला. सर्वोच्च न्यायालयाने खटला दिल्लीला हलवला. जानेवारी २०२० मध्ये १९ जण दोषी ठरले आणि संस्थेच्या वजनदार चालकाला मरेपर्यंत जन्मठेप झाली. त्या मुलींच्या मागे ना पैसा होता ना ओळखपाळख. कोणीतरी जवळ बसून विचारले आणि ऐकलेले लिहून काढले, तिथून सुरुवात झाली.

पालकहो, म्हणून माझी विनंती एवढीच. मूल परत आले की "पुन्हा असं करशील का?" हा प्रश्न जरूर विचारा, पण त्याआधी "तुझ्याशी तिथे कोण कसं वागलं?" हे विचारा. चारचौघांत नको, एकट्याने विचारा. बोलले नाही तर आठवड्याने पुन्हा विचारा. अंगावर खूण असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. विद्यार्थी मित्रहो, तुमचा एखादा सोबती तिथून परत आला तर त्याला नावे ठेवू नका. त्याने तुम्हाला काही सांगितले तर विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. आणि शिक्षक बंधूंनो, लैंगिक अत्याचाराची माहिती कळूनही ती न कळवणे हा पॉक्सोप्रमाणे आपल्यासाठी गुन्हा आहे. चांगल्या हेतूने कळवले तर आपल्यावर काही येत नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले? मी आणि तो विधी सेवा प्राधिकरणात गेलो. तिथल्या वकीलबाईंनी दोन तास त्याचे ऐकून घेतले. फिर्याद नोंदली गेली, खटला चालू आहे. निकाल काय लागेल हे मी सांगू शकत नाही. पण त्याच्या फिर्यादीनंतर त्याच संस्थेत राहिलेला आणखी एक मुलगा जबाब द्यायला पुढे आला. पहिल्या तारखेला त्याची अम्मी न्यायालयात आली होती. मला पाहून म्हणाली, "सर, त्या दिवशी आपण दोघांनी चूक केली." मी या वेळीही मान डोलावली. या खेपेला मात्र तास घ्यायला गेलो नाही, तिच्या शेजारी बसून राहिलो.