माहितीपत्रक आता तुम्हीही लिहिता



मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. पूर्वी आम्ही लिहायचो, ते छापलं जायचं, पण वाचणारा कधी भेटत नसे. आता तो बोलतो, चुका दाखवतो, स्वतः व्हिडिओ करून इतरांना शिकवतो. या कामाला तुम्हा विद्यार्थ्यांची फार गरज आहे, हे सांगायलाच मी अमडापूरला आले.

शेतीतलंच उदाहरण घ्या. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. तुमच्यातल्या काहींच्या घरी दुबार पेरणीही झाली असेल. घरच्या बियाण्याची उगवण तपासायची रीत तशी सोपी. शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, ओल टिकवायची आणि चार-पाच दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर एकरी 30 किलो बियाणं, कमी उगवले तर त्या हिशेबाने जास्त. शेतकऱ्यांनी हे मोबाइलवर करून दाखवलं की पाहणारे विचारतात: पाणी किती वेळा शिंपडायचं? बुरशी आलेला दाणा मोजायचा का? कोंब वाकडा असला तर? टेबलाशी बसून लिहिणाऱ्याला हे प्रश्न सुचत नाहीत. फक्त निरोगी कोंब मोजायचे, हे वाक्य त्या प्रश्नांमुळेच कृतीत यायला हवं.

पण फवारणीचं औषध म्हटलं की मला धास्ती वाटते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी, हे किती जणांना ठाऊक असतं? सोबतच्या घडीपत्रिकेतली अक्षरं तर मुंगीएवढी. मग माणूस ग्रुपवर आलेल्या ‘पंपाला एवढं टाका’ या निरोपावर विसंबतो. कोणतं पीक, कोणती कीड, पंप किती लिटरचा, हाताचा की पॉवरचा, काहीच त्यात नसतं. ज्याने पहिल्यांदा सांगितलं त्याला ते माहीत होतं. पुढे पाठवताना गळून गेलं. ते गळू न देणं हेच आज आमच्या धंद्यातलं मुख्य काम झालंय.

म्हणून एक मागते. येत्या मे महिन्यात घरच्या सोयाबीनची ही उगवण चाचणी करा आणि तिचा व्हिडिओ घ्या. वाण, गाव, तारीख, किती दाणे उगवले, सगळं आपल्या वऱ्हाडी बोलीत सांगा. आजीला, बाबांना दाखवा. त्यांना जिथे अडेल तिथे पुन्हा सांगा. मग सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांकडून तपासून घ्या आणि तेवढं झाल्यावरच ग्रुपवर टाका.