विलंबित वाणीचे नामकरण

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला पंधरा मिनिटे नेमून दिली आहेत आणि घड्याळ माझ्या समोरच ठेविले आहे. नमनालाच घडाभर तेल जाळण्याची आपल्या संमेलनांची परंपरा जुनी असल्यामुळे त्यांची ही सावधगिरी अनाठायी आहे, असे म्हणवत नाही. म्हणून सरळ विषयाकडे वळतो. फार सावकाश बोलणाऱ्या माणसास कोणते नाव द्यावे, हा आजचा प्रश्न आहे.

वरवर पाहता मराठी भाषा या बाबतीत दरिद्री नाही. लांबलेल्या बोलण्याला आपण पाल्हाळ म्हणतो. चऱ्हाट म्हणतो, कारण दोर वळणारा वळतच राहतो. गुऱ्हाळ म्हणतो, कारण रस आटून गूळ होईपर्यंत तेथे बसून राहावे लागते. मारुतीचे शेपूट तर सर्वांच्या परिचयाचेच आहे. परंतु हे सारे शब्द लांबणीचे आहेत, गतीचे नव्हेत. जो थोडेच बोलतो, पण दोन शब्दांच्या मध्ये श्रोत्याला एक डुलकी काढू देतो, त्याच्यासाठी असे खास नाव मला तरी आठवत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा उद्योग गेल्या संमेलनात, पंगती उठल्यावर, आम्ही काही मंडळींनी केला. एकाने ‘विरामेश्वर’ सुचविला. संस्कृतज्ञ बंधूंनी ‘वाक्कूर्म’ काढला. गोडबोले या आडनावाच्या धर्तीवर ‘हळूबोले’ निघाला. शेतकी खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी ठिबक सिंचनावरून ‘ठिबकवक्ता’ घडविला. रेल्वेत आयुष्य घालविलेले दुसरे गृहस्थ म्हणाले, ‘पॅसेंजरवाणी’ म्हणा. ती प्रत्येक स्थानकावर थांबते आणि मागून आलेल्या मेलला आधी जाऊ देते. संगीताची आवड असलेल्या एका भगिनीने ‘विलंबितराव’ हे नाव दिले, आणि त्यावर सर्वांची हसून पुरेवाट झाली.

शब्द घडविणे हा काही हलका उद्योग नव्हे. शिवछत्रपतींच्या काळी राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला तो परकी शब्दांस स्वकीय प्रतिशब्द देण्यासाठी. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी पुरस्कारिलेले ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे शब्द आज आपण विचार न करता वापरतो. विद्वान शब्द घडवितात खरे, परंतु तो टिकवितात चारचौघे. आणि चारचौघांच्या तोंडी एकदा बसलेला शब्द परत घेता येत नाही, हीच यातील मेख आहे. आडनावांकडेच पाहा ना. गोडबोले, बोबडे ही नावे कोणा पूर्वजाच्या बोलण्यावरून पडली असावीत, हे ती उच्चारताच ध्यानात येते. तो माणूस गेला, त्याचे बोलणे विरले, पण नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले.

आता एक कबुली देतो. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी असाच एक शब्द मी घडविला होता. मंडळाच्या हिशेबाचे काम पाहणारे एक वयोवृद्ध गृहस्थ होते. पक्षाघाताच्या झटक्यातून ते उठले, हात-पाय सुधारले, पण जीभ जड राहिली. प्रत्येक शब्दापाशी त्यांना थांबावे लागे. मी त्यांचे नाव ‘अर्धविराम’ ठेविले. शब्द सुटसुटीत होता. आठ दिवसांत तो सर्वतोमुखी झाला, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत शिष्यवृत्तीची यादी मंजुरीसाठी आली असता ते उठून उभे राहिले. “या यादीत...” एवढे म्हणून थांबले. मागून कोणीतरी “अर्धविराम!” म्हणाले. हशा पिकला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हशा. अध्यक्षांनी सौजन्याने “काय असेल ते लेखी द्यावे” असे सांगितले, ते खाली बसले, आणि यादी मंजूर झाली. दोन मुलींचे अर्ज यादीत घ्यावयाचे राहून गेले आहेत, एवढेच त्यांना सांगावयाचे होते. त्यांनी ते लेखी दिलेही. परंतु कार्यकारिणीची बैठक भरेपर्यंत महाविद्यालयात शुल्क भरण्याची मुदत संपली होती. त्यांपैकी एका मुलीचे संपूर्ण वर्ष वाया गेले. त्यानंतर ते गृहस्थ सभेत कधी बोलले नाहीत. मी त्यांची क्षमा मागेन म्हणत राहिलो आणि तेवढ्यात ते निवर्तले.

सावकाश बोलणे आपणांस इतके असह्य का व्हावे? दहा भाषांतील संभाषणांची तुलना करणारे एक संशोधन 2009 साली प्रसिद्ध झाले. प्रश्न संपणे आणि उत्तर सुरू होणे यांतील अंतर सर्वसाधारणपणे एका सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असते, असे त्यात दिसून आले. म्हणजे समोरच्याचे बोलणे चालू असतानाच आपण मनात उत्तर जुळवीत असतो. समोरचा थांबला की आपली पाळी आली असे वाटते. ती आली नाही की आपण अस्वस्थ होतो. तेव्हा दोष बहुधा बोलणाऱ्याच्या जिभेत नसून ऐकणाऱ्याच्या घाईत असतो.

शिवाय आपली घाईही पक्षपाती आहे. कै. अटलबिहारी वाजपेयी भाषणात मध्येच थांबत, तेव्हा हजारोंचा समुदाय श्वास रोखून बसे. त्या थांबण्याला आपण वक्तृत्व म्हटले. उस्ताद अमीर खाँ अतिविलंबित लयीत, झूमऱ्याच्या चौदा मात्रांत, राग उलगडीत; त्या संथपणाला आपण गांभीर्य म्हटले. थोरांचा विराम तो विराम, आणि गरिबाचा विराम तो खोळंबा, हा न्याय कोणता? प्रौढांपैकी सुमारे शेकडा 1 माणसे तोतरेपणाने अडखळतात. म्हणजे आजच्या या सभागृहातही असे कोणी बसलेले असण्याचा संभव आहे, आणि मनात काही असूनही ते हात वर करणार नाहीत.

म्हणून शब्द घडवू नयेत, असे माझे म्हणणे नाही. विनोदाविना संमेलन म्हणजे मिठाविना पंगत. जो जाणूनबुजून वेळ काढतो, सोपा मुद्दा मुद्दाम रेंगाळत ठेवतो, त्याला खुशाल ठिबकवक्ता म्हणावे. तो आपल्या वाणीचा धनी आहे आणि मनात आणील तर सुधारू शकेल. परंतु ज्याची जीभच अडते, त्याच्यासाठी शब्द घडवू नये, त्याच्यासाठी थांबावे. त्याला दम घेऊ द्यावा. आपली खेड्यापाड्यांतील माणसे पाहुण्याला “दमानं सांगा” म्हणतात, त्या दोन शब्दांत किती सभ्यता आहे!

खरी उणीव निराळ्याच नावाची आहे. दुसऱ्याचे वाक्य पुरे होण्याआधी जो ते हिसकावून घेतो आणि चुकीचेच पुरे करतो, त्याला काय म्हणावे? मी ‘तोडबोले’ हा शब्द सुचवितो, आणि त्याचा पहिला मानकरी म्हणून स्वतःचेच नाव देतो.

अध्यक्षमहाराजांना एकच विनंती आहे. येत्या सर्वसाधारण सभेत जो कोणी उभा राहील, त्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत पुढचा ठराव पुकारू नये. त्यात चार-दोन मिनिटे अधिक जातील. पस्तीस वर्षांपूर्वी ती आम्ही वाचविली होती, आणि त्यांची किंमत एका मुलीने भरली.

चिटणीसांचे घड्याळ माझ्याकडे पाहत आहे.