पद्मिनीचा गिअरबॉक्स



बंगळूरच्या आग्नेय अंगाला, होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या बेचक्यात एचएसआर लेआउट ही वसाहत वसली आहे. जवळच अगरा तलाव आहे आणि वसाहतीचा काही भाग सखल आहे. त्यामुळे मोठ्या पावसात तेथील रस्त्यांचे ओढे होतात. २०२२ च्या सप्टेंबरात शहराच्या या अंगाची जी दैना झाली ती सर्वांच्या स्मरणात असेल. अशा वेळी इमारतींच्या तळमजल्यावरील वाहनतळात पाणी शिरते. नव्या मोटारींची काळजी विमा कंपन्या वाहतात. परंतु कोपऱ्यात कापडी आच्छादनाखाली उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या प्रीमियर पद्मिनीची काळजी तिच्या धन्यावाचून कोणी करीत नाही.

पाणी ओसरते, आसने उन्हात वाळतात, इंजिनही चालू होते. गिअरबॉक्सची आठवण मात्र कोणाला होत नाही. हवा खेळती राहावी म्हणून अशा पेटीला एक बारीक छिद्र ठेवलेले असते, आणि पाण्याला तेवढी वाट पुरते. पाणी मिसळलेले तेल दुधाच्या चहासारखे दिसू लागते. गाडी तशीच काही महिने उभी राहिली तर बेअरिंगच्या छर्ऱ्यांवर गंजाचे खड्डे पडतात, आणि पुढे केव्हातरी गाडी रस्त्यावर काढताच पायाखालून रडगाणे ऐकू येते.

या गाडीचा बंगळूरशी एक जुना ऋणानुबंध आहे. म्हैसूर संस्थानात मोटारींचा कारखाना निघावा म्हणून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९३० नंतरच्या दशकात झटत होते, आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद त्यांच्या योजनेत सामील झाले होते. ब्रिटिश सरकारची अनुकूलता न लाभल्याने ती योजना फळास आली नाही. १९४० मध्ये वालचंदांनी बंगळुरात कारखाना काढला तो विमानांचा. मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये मुंबईत उभी राहिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ बाहेर पडू लागली, आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी ‘पद्मिनी’ झाली. शतक सरता सरता तिचे उत्पादन थांबले. मुंबईची अखेरची काळीपिवळी पद्मिनीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता सुटा भाग बंगळूरच्या जे. सी. रोडवर नाहीतर कुर्ल्याच्या भंगार बाजारात, दैवावर हवाला ठेवून शोधावा लागतो. म्हणूनच हाती असलेला भाग घाईने टाकून देणे परवडत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की दोष गिअरबॉक्समध्येच आहे काय? पद्मिनीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागून असतो. त्याची हालचाल सळ्या आणि सांधे यांच्या साखळीतून पेटीपर्यंत जाते. या सांध्यांतील बुश झिजले की दुसरा गिअर मागावा आणि भलताच हाती यावा असा प्रकार होतो. दहापंधरा मिनिटांच्या कामासाठी सबंध पेटी उतरविल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. क्लच पुरता सुटत नसेल तरीही गिअर करकरतात. पहिल्या गिअरला तर या गाडीत सिंक्रोमेशची सोय मुळातच नाही. गाडी पुरती थांबण्यापूर्वी तो टाकू पाहणाऱ्याने करकरीबद्दल तक्रार करू नये. खरी परीक्षा कानाने होते. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये आणि क्लच मोकळा असताना जो घरघराट ऐकू येतो तो पेडल दाबताच थांबला, तर संशय पेटीतील बेअरिंगवर घ्यावा. उलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लचचे बेअरिंग गुन्हेगार असते. मग तेल काढून चिमटीत चोळून पाहावे. राखाडी चिकटा वयोमानाने येतो. पितळी कण सिंक्रोमेशच्या कड्या झिजल्याचे सांगतात. पोलादी कपचा मिळाला तर मात्र पेटी उतरविण्यावाचून गत्यंतर नाही.

येथे एक मोह आडवा येतो. याच कंपनीच्या ११८ एनई या गाडीचा निसान बनावटीचा गिअरबॉक्स पद्मिनीत बसविणारे मिस्त्री आहेत. तो बसतो, चांगला चालतोही. गिअरचा दांडा मात्र जमिनीवर येतो आणि त्यासाठी गाडीच्या तळाचा पत्रा कापावा लागतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीला ऐतिहासिक वाहन म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. पण तिच्या सांगाड्यात, कवचात अथवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. १९७८ सालची पद्मिनी २०२८ मध्ये पन्नाशी पार करील. आज कापलेला पत्रा त्या वेळी भोवण्याचा संभव आहे. रोज कचेरीला जाण्यासाठी गाडी हवी असेल तर गोष्ट निराळी. परंतु मग जुनी गाडी हवीच कशाला, असे कोणी विचारले तर उत्तर देणे कठीण जाईल.

आता प्रत्यक्ष काम. बॅटरीची तार आधी सोडावी. वाहनतळाची जमीन सपाट दिसते, पण पाणी वाहून जावे म्हणून तिला उतार दिलेला असतो. शिवाय गुळगुळीत फरशीवर लोखंडी स्टँड सरकतात. त्यांखाली जाड प्लायवूड घालावे आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. विटांचा आधार तर त्याहून वाईट, कारण वीट फुटण्यापूर्वी सूचना देत नाही. स्टँडवर ठेवलेली गाडी बाहेरून जोराने हलवून पाहावी. पडायची असेल तर ती तेव्हाच पडो.

तेल परातीत घ्यावे आणि डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे. गटारात ओतलेले तेल अखेर तलावातच जाते. प्रोपेलर शाफ्टच्या जोडावर दोन्हीकडे खुणेची रेघ ओढावी, म्हणजे तो होता तसाच परत बसतो. निघालेले बोल्ट पुठ्ठ्यावर चित्र काढून त्याच जागी टोचून ठेवावेत, कारण त्यांची लांबी सारखी नसते. स्पीडोमीटरची केबल, गिअरच्या सळ्या, स्टार्टर आणि क्लचची जोडणी सुटली, की इंजिनाच्या मागल्या भागाखाली लाकूड ठेवून आधार द्यावा आणि मगच मागचा आडवा पट्टा काढावा. पेटी सरळ मागे ओढावी. ती आतल्या शाफ्टवर लोंबकळली तर क्लचची प्लेट वाकते. उताण्या माणसाने एकट्याने हे वजन छातीवर घेण्याचे धाडस करू नये; दुसरा जॅक आणि दुसरा माणूस दोन्ही हवेत.

पेटी खाली आली की क्लचची प्लेट, तिचे बेअरिंग आणि इंजिनाचे मागील ऑइल सील पाहून घ्यावे. परत चढविताना प्लेट मध्यावर आणण्यासाठी सुताराकडून कातून घेतलेला लाकडी दांडाही चालतो. पेटी अखेरच्या दोन बोटांवर अडते आणि माणसाचा धीर येथेच सुटतो. बोल्ट आवळून ती ओढून घेण्याचा प्रयत्न केल्यास ओतीव कवचाचा कान तुटतो, आणि तो कान कोठल्याही बाजारात सुटा मिळत नाही. पेटी उतरवून प्लेट पुन्हा मध्यावर आणावी. शाफ्ट किंचित फिरविला की ती आपणहून आत जाते.

नवे तेल भरल्याखेरीज चाक फिरवू नये. पहिली फेरी पहाटे, वसाहतीच्या आतल्या रस्त्यांवर मारावी. दोनतीनशे किलोमीटर झाल्यावर ते तेल काढून पुन्हा उजेडात पाहावे.