मूत्रपिंडाचे आरोग्य आणि पुनर्नवेचा काढा



मी बँकेत कारकून आहे, वैद्य नव्हे. तरीही हा विषय घेतला, कारण पायाला सूज आली की आपल्याकडे प्रथम काढा उकळतो, तपासणी मागाहून होते.

पुनर्नवा म्हणजे आपली घेटुळी. उन्हाळ्यात सुकते, पावसात मुळापासून पुन्हा फुटते, म्हणून हे नाव. गोखरू म्हणजे सराटे. चरकसंहितेत गोखरू लघवी वाढविणाऱ्या द्रव्यांत गणला आहे. पुनर्नवा सुजेवर सांगितली आहे. हे ज्ञान टाकाऊ नाही. जाणत्या वैद्याने प्रकृती पाहून दिलेल्या औषधाचा मान राखलाच पाहिजे.

परंतु लघवी जास्त होणे म्हणजे रक्त शुद्ध होणे नव्हे. मूत्रपिंड दुबळे झाले की पोटॅशियम शरीरात साचते. अनेक वनस्पतींच्या काढ्यात ते असतेच. ते फार वाढले तर हृदयाची गती बिघडून जीव जाऊ शकतो. म्हणजे निरोग्याला पचणारा काढा रुग्णाला घातक ठरू शकतो.

दुसरा धोका भेसळीचा. 1990 च्या दशकाच्या आरंभी ब्रुसेल्समध्ये वजन घटविण्यासाठी दिलेल्या चिनी वनस्पतींच्या औषधात चुकीची वनस्पती, अ‍ॅरिस्टोलोकिया, आली. शंभराहून अधिक जणांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. आपल्याकडील सापसण त्याच वंशातली. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदिक औषधांच्या तपासणीचे निष्कर्ष 2004 साली प्रसिद्ध झाले. 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. 'वनस्पतीचे, म्हणून निर्धोक' हा समज सोडला पाहिजे. वेदनाशामक गोळ्या मनाने खाणेही तितकेच वाईट, हे विसरू नये.

मधुमेह व रक्तदाब ही या विकाराची मुख्य कारणे. तो बराच काळ मुका राहतो. खात्यातील शिल्लक अंदाजाने कळत नाही, पासबुक भरून घ्यावे लागते. तसेच रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने वर्षातून एकदा तपासून घ्यावीत. काढा घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. लेबल व परवाना क्रमांक नसलेली पुडी घेऊ नका.

विद्यार्थी मित्रांनो, घरातील वडीलधाऱ्यांचा रिपोर्ट तुम्ही वाचून दाखवा. शिक्षणाचा एवढा उपयोग घराला झाला, तरी पुष्कळ झाले.