मोठ्या संस्थेने टेलिफोन कसा निवडावा?



रसायनी हे नावच कारखान्यांची ओळख सांगते. १९६० साली हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढे तिचा कारखाना येथे उभा राहिला. तो बंद करण्याचा निर्णय २०१७ साली झाला. परंतु पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत इतर कारखान्यांची धुरांडी आहेतच, आणि आसपासच्या गावांतून पुष्कळ माणसे पाळीवर जातात.

असे कारखाने, मोठी इस्पितळे, शिक्षणसंस्था आज जुना टेलिफोन काढून इंटरनेटवर चालणारा टेलिफोन बसवीत आहेत. कोणी म्हणेल, ‘अहो, हा साहेबलोकांचा विषय, आमचा यात काय संबंध?’ संबंध आहे. वायू सुटला, आग लागली, तर फाटकावरच्या पहारेकऱ्याने उचललेला तो फोन लागला पाहिजे. तो लागला तरच गावाला वेळेवर खबर मिळेल.

प्रथम या दोन्हींतला फरक पाहू. जुन्या टेलिफोनमध्ये दोघे बोलू लागले की त्यांच्यासाठी एक वाट राखून ठेवली जाई. नव्या पद्धतीत तसे नाही. आपल्या आवाजाचे सेकंदाला ८,००० वेळा मोजमाप घेतात, त्याचे आकडे बनवितात आणि त्या आकड्यांची पुडकी बांधून इंटरनेटच्या वाटेने सोडतात. साधारणपणे सेकंदाला ५० पुडकी जातात. पलीकडे ती उलगडून पुन्हा आवाज होतो. म्हणजे आपले बोलणे आता सार्वजनिक रस्त्याने जाते. बोरघाटात मालमोटारींची रांग लागली की मागची गाडी अडकते, तसेच कचेरीतल्या कोणी मोठी चित्रफीत उतरवून घेऊ लागला की बोलण्याची पुडकी मागे पडतात आणि आवाज तुटतो. आवाज पोहोचायला सेकंदाच्या सुमारे सातव्या हिश्श्याहून अधिक वेळ लागू लागला की दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. म्हणून रुग्णवाहिकेला वाट देतात तशी संस्थेच्या जाळ्यात आवाजाला पहिली वाट द्यावी लागते. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा.

दुसरा प्रश्न, किती जोडण्या घ्याव्यात? शिक्षकमित्रांनी हे गणित वर्गात जरूर मांडावे. समजा, कारखान्यात ५०० फोन आहेत. म्हणून बाहेर जाणाऱ्या ५०० वाटा लागत नाहीत. गर्दीच्या तासात प्रत्येकजण बाहेर सरासरी तीन मिनिटे बोलतो असे धरू. ५०० गुणिले ३ म्हणजे १,५०० मिनिटे. त्याला ६० ने भागले की आले २५. सरासरी २५ जण एका वेळी बोलत असतात. पण कधी जास्तही बोलतील. एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी याचे शास्त्र बसविले. त्याप्रमाणे ३६ वाटा ठेवल्या तर शंभरातला एखादाच फोन अडतो. एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ किलोबिट लागतात. ३६ संभाषणांना तीन मेगाबिटच्या थोडे वर. तेव्हा ५०० वाटांचे दरपत्रक कोणी पुढे केले, तर त्याच्यापुढे हा हिशेब ठेवावा.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. वीज गेली तर काय? जुना टेलिफोन दिवे गेले तरी बोलत असे, कारण एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची सुमारे ४८ व्होल्टची वीज त्याच तांब्याच्या तारेतून येत असे. काचेच्या तंतूतून प्रकाश येतो, वीज येत नाही. नव्या पद्धतीत फोन, तो जोडलेली पेटी आणि इंटरनेटचे यंत्र या तिघांनाही वीज हवी. एक बंद पडले की सारेच मुके. तेव्हा तिघांनाही बॅटरीचा आधार आहे का आणि तो किती तास टिकतो, हे मुख्य बटण बंद करून, घड्याळ लावून पाहावे. आणि ही पेटी तळमजल्यावर ठेवू नये. जुलै १९८९ मध्ये पाताळगंगेला पूर आला तेव्हा रिलायन्सचा येथला कारखाना पाण्याखाली गेला होता, हे जुन्या माणसांना आठवत असेल.

हे नुसते आपल्याकडचे भय नव्हे. ब्रिटनमध्ये तांब्याच्या तारा काढून सर्वांना नव्या पद्धतीवर नेण्याचे चालू असताना, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची मदतीची घंटा काही ठिकाणी वाजेनाशी झाली. डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना ते काम आवरते घ्यावे लागले आणि डिसेंबर २०२५ ची मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढवावी लागली. श्रीमंत देशाला जे जड गेले, ते आपण गृहीत धरू नये.

आणखी एक गोष्ट. कंपनीची मुख्य कचेरी मुंबईत असली, की रसायनीच्या फाटकावरून केलेला फोन पुष्कळदा मुंबईच्या वाटेने बाहेर पडतो. पहारेकऱ्याने ११२ फिरविला, तर पलीकडच्या माणसाला पत्ता मुंबईचा दिसायचा! म्हणून संकटाचा फोन इथल्याच जोडणीवरून बाहेर जावा, अशी अट करारात घालावी. जोडणी परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी. फोन सर्वमान्य पद्धतीचे असावेत, म्हणजे उद्या विक्रेता बदलला तरी ते फेकावे लागणार नाहीत. दिव्याचा होल्डर एक असला की कोणाचाही दिवा बसतो. आणि यंत्राबरोबर आलेला सांकेतिक शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. नाहीतर रात्रीतून कोणी आपल्या खर्चाने परदेशी बोलत बसेल.

मग नवा टेलिफोन घेऊच नये काय? तसे मुळीच नाही. तो स्वस्त पडतो, दहा गावच्या शाखा एका घरासारख्या जोडतो, माणूस जागा बदलेल तेथे त्याचा क्रमांक नेतो. तो जरूर घ्यावा. मात्र फाटक, अग्निशमन खोली आणि दवाखाना या तीन ठिकाणी दुसरी, निराळ्या वाटेने जाणारी सोय ठेवावी. तांब्याची तार मिळत असेल तर ती. नाहीतर दुसऱ्या कंपनीचा मोबाईल, चार्ज करून, भिंतीला लावून ठेवलेला. आणि महिन्यातून एकदा पाळीवरच्या सर्वांत नव्या माणसाला, वीज बंद करून, त्यावरून फोन करावयास सांगावे.

गावच्या मंडळींनीही कारखान्याच्या साहेबांना हे विचारायला संकोचू नये. ग्रामसभेत नम्रपणे पण स्पष्ट विचारावे, ‘साहेब, वीज गेलेल्या रात्री तुमचा फोन आम्हाला लागेल ना?’ याचे उत्तर ज्याने करून दाखविले, त्याची निवड बरोबर झाली असे समजावे.