रिगातलं एक कपाट आणि आजीच्या ओव्या
(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



मी काही वक्ता नाही. दिवसभर डेटाबेसशी बोलणारा माणूस. पण सेक्रेटरी म्हणाले, "तू एवढा फिरतोस, पाच मिनिटं बोल." तेव्हा लॅटव्हियाच्या राजधानीबद्दल, रिगाबद्दल बोलतो.

रिगाच का? खरं सांगू? लंडनहून सर्वांत स्वस्त तिकीट तिथलं मिळालं म्हणून! आता आपल्या भारतीय पासपोर्टमुळे शेन्गेन व्हिसाची फी तिकिटापेक्षा जास्त पडली, ही गोष्ट वेगळी. बायको म्हणाली, "ह्याला काटकसर म्हणायचं का?"

पण पुढे खर्च फार नाही. विमानतळावरून 22 नंबरची सिटी बस थेट गावात जाते. होस्टेलमध्ये पाठपिशवी टाकायची आणि पायी निघायचं. जुनं शहर 1997 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. अल्बर्टा रस्त्यावर मान वर करून उभं राहायचं: इमारतींवर मुखवटे, सिंह, वेलबुट्टी! त्यातल्या कित्येक इमारती मिखाइल आयझेनस्टाइनच्या, म्हणजे सिनेमावाल्या सर्गेई आयझेनस्टाइनच्या वडिलांच्या. बघायला पैसे पडत नाहीत.

जेवण मंडईत. 1930 साली उघडलेली ही मंडई झेपेलिन विमानांच्या जुन्या हँगरचे सांगाडे वापरून बांधलेली आहे. काळा राय-ब्रेड, ताज्या दुधाचं पनीरासारखं काहीतरी, खारवलेल्या काकड्या आणि ताकाच्या जवळचं केफीर. शाकाहारी माणसाचं भागतं. फक्त उसळीसारखे दिसणारे वाटाणे विचारून घ्या, त्यात डुकराचं मांस असतं!

तिथेच एक बाई बरणी दाखवून म्हणाल्या, "मेदुस." मला एकदम कळलं, मध! मग नादच लागला. देवाला 'दिएव्स', अग्नीला 'उगुन्स', अश्रूला 'असरा'. एवढ्या लांब येऊन जुनं नातं निघालं की हो!

ही भाषा टिकली कशी, ते ऐका. 1940 मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, 1941 मध्ये जर्मन, 1944 मध्ये पुन्हा सोव्हिएत, ते 1991 पर्यंत. 1989 च्या सुमारास रिगामध्ये लॅटव्हियन लोकच अल्पसंख्य होते. त्याच वर्षी 23 ऑगस्टला टॅलिन, रिगा, व्हिल्नियस अशी सहाशे किलोमीटरहून लांब मानवी साखळी झाली. म्हणजे पुण्यात हात धरलात तर जवळजवळ नागपूर! आणि 2014 च्या जानेवारीत पुन्हा साखळी. ह्या वेळी जुन्या राष्ट्रीय ग्रंथालयातली पुस्तकं नव्या इमारतीत हातोहात पोचवायला.

त्या ग्रंथालयात एक लाकडी कपाट आहे. छोटे छोटे खण आणि त्यात कागदाच्या चिठोऱ्या. प्रत्येक चिठोरीवर एक 'दायना', म्हणजे बहुतेक चार ओळींचं लोकगीत: लग्नाचं, बाळाचं, कापणीचं. क्रिश्यानिस बारोन्स नावाच्या माणसाने गावोगावची अशी दोन लाखांहून जास्त गाणी लावून छापली. तेव्हा राज्य झारचं, जमीनदार जर्मन, आणि लॅटव्हियन ही शेतकऱ्यांची बोली. माझ्या भाषेत सांगायचं तर हा पहिला डेटाबेस, आणि बॅकअपसुद्धा!

त्या कपाटापुढे मला माझी आजी आठवली. वाईजवळच्या गावी ती जात्यावर ओव्या म्हणायची. आपल्याकडेही हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या बायकांच्या लाखभर ओव्या जमवल्या. पण माझ्या आजीकडे कोण गेलं? मी तर नाहीच.

परत आल्यावर व्हिडिओ कॉल लावला. "आजी, ओवी म्हण ना." ती म्हणाली, "आरं बाळा, जातं गेलं, ओव्या पण गेल्या." मी गप्प. तेवढ्यात माझी सात वर्षांची मुलगी इंग्रजीत विचारती झाली, जातं म्हणजे काय? पणजीने खाटेवर मूठ ठेवली आणि खुंटा धरल्यासारखा हात गोल फिरवून दाखवला. आणि हात फिरला तशी ओवी आली. मग दुसरी. त्या दिवशी अकरा आल्या. मी सगळ्या रेकॉर्ड केल्या. आता दर रविवारी दोघी जणी हात फिरवतात, एक तिकडे, एक इकडे.

मंडळी, रिगाला जरूर जा, स्वस्त आहे. पण त्याआधी ह्या दिवाळीत घरी फोन कराल तेव्हा रेकॉर्डिंगचं बटण तेवढं दाबा. त्याला तर व्हिसाही लागत नाही.